परसातला टर्की अंगावर येऊ लागलाय, त्याचा स्वभाव ओळखायचा कसा?

सत्तरीची_सून | १४ फेब्रुवारी, रात्री ९.१०

नमस्कार. आम्ही वाळपईच्या पुढे एका वाड्यावर राहतो. घरामागे परसू, खाली उतरलं की लहानसं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. सासूबाईंच्या गावठी कोंबड्या पहिल्यापासून आहेत. गेल्या एप्रिलमध्ये मुलाने बाजारात टर्कीची पिल्लं पाहिली आणि हट्ट धरला, म्हणून सहा आणली. ‘कोंबडीसारखीच वाढतात’ एवढंच विकणारा बोलला. आठ दिवसांत पाच गेली. समोर भरडा असून चोच लावत नव्हती, पाण्याच्या भांड्याला खेटून उभी राहून तहानेने सुकली. आठवलं की अजून जीव कळवळतो.

सहावं मुलाने वाचवलं. डब्याच्या पत्र्याच्या झाकणावर उकडलेलं अंडं कुस्करून तो बोटाने टकटक करायचा. पिल्लू त्या बोटावर टोच मारायचं, आणि असं करता करता खायला शिकलं. महिनाभर ते स्वयंपाकघरात बल्बखाली खोक्यात होतं, दिवसा मुलाच्या मांडीवर. मोठं झालं तेव्हा त्याच्यामागून शाळेच्या बसपर्यंत जायचं. एकटं पडलं की असं ओरडायचं की शेजारच्या काकी बघायला यायच्या. नाव राजा.

आता राजा दहा महिन्यांचा, आठेक किलोचा नर झालाय. संक्रांतीनंतर त्याचं वागणं पालटलं. शेपटीचा पंखा उघडतो, पंखांची टोकं जमिनीवर खरवडत आमच्याभोवती फिरतो, छातीतून घुमल्यासारखा आवाज काढतो. सासूबाईंपुढे एवढंच. यजमानांच्या आणि मुलाच्या मात्र अंगावर येतो. गेल्या शुक्रवारी मुलगा नळावर उकिडवा बसून चपला धूत होता. राजा मागून आला, उडी मारली आणि पोटरीवर चार बोटं लांब ओरखडा काढला. रक्त आलं. धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं. मुलगा जखमेने रडला नाही. ‘तो मला विसरला’ म्हणून रडला.

सासूबाई म्हणतात, विकून टाक. मुलगा ऐकायला तयार नाही. हा स्वभाव कायमचा आहे की वयाचा? कोणी पाळले असतील तर कृपया सांगा.

कुळागर_फोंडा | १४ फेब्रुवारी, रात्री १०.२५

ताई, मुलाची जखम आता बरी आहे ना?

मी नऊ वर्षं टर्की पाळतोय. मुलाला माझ्याकडून सांगा, राजा त्याला अजिबात विसरलेला नाही. राजाने समज आल्यापासून दुसरा टर्की पाहिलेलाच नाही. त्याच्या लेखी तुमच्या घरातली सगळी माणसं टर्कीच. लहानपणी तुमचा मुलगा त्याची आई होता, भावंड होता. आता तो वयात आलाय, आणि कळपात वयात आलेले सख्खे भाऊसुद्धा पहिला कोण आणि दुसरा कोण हे भांडूनच ठरवतात. तो तुमच्या मुलाशी तेच ठरवायला बघतोय. त्यात राग आहे, पण परकेपणा नाही.

एक सांगा, तो अंगावर आला की घरातलं कोण काय करतं? अगदी बारकाईने सांगा. त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

म्हापसेकर_७ | १५ फेब्रुवारी, सकाळी ७.०२

वाचतोय. आमच्याकडेही दोन नर आहेत, पण ते एकमेकांतच गुंतलेले असतात, माणसांकडे बघतही नाहीत. वरच्या प्रतिसादावरून आता त्याचं कारण लक्षात येतंय.

सत्तरीची_सून | १५ फेब्रुवारी, दुपारी २.४०

जखम सुकली आहे, धन्यवाद दादा.

काल रात्री तुमचं वाचून आज सकाळी मुद्दाम पाहिलं. यजमान काठी उगारतात, एकदोनदा पायानेही लोटलं आहे. मी झाडू पुढे धरून मागे मागे सरकते आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेते. मुलगा पळतो. सासूबाई काहीच करत नाहीत. कमरेवर हात ठेवून जागेवर उभ्या राहतात, ‘हो पलतडी’ (पलीकडे सर) म्हणतात आणि आपल्या वाटेने सरळ चालत जातात. तो बाजूला होतो.

कुळागर_फोंडा | १५ फेब्रुवारी, रात्री ९.५५

उत्तर तुमच्या घरातच आहे ताई. सासूबाई जे करतात ते सगळ्यांनी करायचं.

टर्की भांडतात कसे ते एकदा नजरेपुढे आणा. दोघे छातीला छाती भिडवतात, मान मानेला गुंडाळतात, एकमेकांच्या चोचीवरची लोंबती सोंड चोचीत पकडून ओढतात आणि उड्या मारून पायांनी लाथाडतात. यजमानांनी पायाने लोटलं म्हणजे राजाला वाटलं, ठीक, हा लढायला तयार आहे. काठीचंही तसंच. तुम्ही मागे सरकलात, मुलगा पळाला, तेव्हा त्याला वाटलं आपण जिंकलो. जिंकलेला नर दुसऱ्या दिवशी पुन्हा खात्री करून घ्यायला येतोच. सासूबाई लढतही नाहीत आणि हरतही नाहीत. त्यांच्यापुढे त्याला नुसतं मिरवणंच उरतं.

मी काय करतो ते सांगतो. परसात जाताना जुनं सूप गुडघ्यापुढे आडवं धरतो. तो फुलून आडवा आला की थांबायचं नाही, हात उगारायचा नाही, त्याच्या दिशेने शांतपणे चालत राहायचं. तो बाजूला झाला की पाठ फिरवायची घाई नको, चार पावलं आणखी. उडी मारलीच, तर दोन्ही हातांनी पंख अंगाला मिटवून धरायचे आणि पाठीवरून हळूच खाली दाबून बसवायचं. छाती चेंगरू द्यायची नाही, पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो. मान सैल पडून डोकं खाली आलं की मिनिटभराने सोडायचं. मारायचं कधीच नाही. मार त्याला शिक्षा म्हणून कळत नाही, लढाई म्हणून कळतो.

हे मोठ्यांनी करायचं. मुलाने मुळीच नाही.

माहेर_सावंतवाडी | १६ फेब्रुवारी, सकाळी ११.३०

मला वेगळं सांगायचं आहे, आणि कोणी राग मानू नये. तुमचा मुलगा लहान आहे. उकिडवा बसला की त्याचे डोळे त्या पक्ष्याच्या चोचीच्या उंचीला येतात. पोटरीवरचा ओरखडा भरून येतो, डोळ्याचं तसं नाही. माझ्या माहेरी अशाच एका नराने पुतणीच्या कपाळावर टोच मारली होती, भुवईच्या अगदी वर. तिथून पुढे आमच्या घरात टर्की आला नाही.

टर्की चमकतं ते टोचतो. बटण, कानातलं, खिळा, डोळा. त्यात वाईट हेतू नसतो, पण टोच ती टोच. मुलाचा जीव गुंतलाय हे कळतं मला, तरी वयात आलेला नर आणि लहान मूल एका अंगणात मोकळं नको. स्वभाव सुधारेल तेव्हा सुधारेल, कुंपण आज घाला.

कुळागर_फोंडा | १६ फेब्रुवारी, दुपारी १.१५

पूर्ण अनुमोदन. हे मीच आधी लिहायला हवं होतं. कुंपण निदान सहा फुटी घ्या. अंगाने हलका टर्की चार फुटांचा गडगा सहज चढतो, आमचे तर रात्री फणसावर जाऊन बसायचे. एका बाजूच्या पंखाची लांब पिसं कातरली की उडताना तोल जातो आणि दुखत काहीच नाही. पिसं झडून नवी आली की पुन्हा कातरावी लागतात.

पशुवैद्य_डिचोली | १६ फेब्रुवारी, रात्री ८.४५

धागा उपयोगी आहे, म्हणून थोडी भर.

अंड्यातून बाहेर पडल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत पिल्लू ज्याच्यामागे फिरतं, त्याला आपल्या जातीचं समजू लागतं. बदक, हंस, कोंबडी, सगळ्यांत हे आहे. टर्कीत ते फार घट्ट बसतं, कारण हा पक्षी हाडाचा कळपातला. एकटं पडल्यावरचं ते मोठं ओरडणं म्हणजे हरवल्याची हाक. ताईंनी लिहिलंय ना, काकी बघायला यायच्या, तीच.

पेनसिल्व्हेनियात शाइन आणि हेल या दोन संशोधकांनी टर्कीच्या नरांपुढे मादीच्या प्रतिकृती ठेवून पाहिल्या होत्या. एकेक भाग काढत गेले, शेवटी काठीवर नुसतं डोकं उरलं, तरी नर त्याच्यापुढे पंखा फुलवून फिरत राहिले. टर्कीचं सगळं बोलणं डोक्याशी चालतं. म्हणून माणूस उभा आहे की उकिडवा बसलाय, डोकं कुठल्या उंचीवर आहे, याचा त्याच्यावर फार परिणाम होतो. नळावर बसलेला मुलगा त्या क्षणी त्याला आपल्याच मापाचा नर दिसला असणार.

हा काळही लक्षात घ्या. दिवस लांबू लागले की नरांमध्ये संप्रेरकं वाढतात आणि ते चिडखोर होतात. पावसाळ्यात पिसं झडू लागली की बरेच नर निवळतात. सगळे नाहीत, म्हणून वचन देत नाही. त्याला दोन माद्या आणून द्या, आयुष्यात टर्की पाहू दे. आणताना तीन-चार आठवडे वेगळ्या जागी ठेवून मगच सोडा. आणि पिल्लाला पहिल्या दिवसांत दाण्यापाण्याची जागा शिकवावीच लागते. आपल्याकडचे जाणकार दहा पिल्लांमागे एक उकडलेलं अंडं आणि लिटरभर पाण्यात १०० मिली दूध पहिले पंधरा दिवस द्यायला सांगतात, पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाकायला सांगतात, ते त्यासाठीच. तुमच्या मुलाने बोटाने टकटक केलं, ते त्याने कोणाकडून न शिकता अगदी बरोबर केलं.

शब्दवेडा_गोवा | १७ फेब्रुवारी, सकाळी १०.१०

टर्की पाळण्याचा अनुभव नाही, पण हा पक्षी आणि गोवा यांचं नातं जुनं आहे, आणि ते नेमकं त्याच्या स्वभावाशी जोडलेलं आहे, म्हणून लिहितो.

हा मूळचा अमेरिकेतला पक्षी. मेक्सिकोत माणसाळवला गेला, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेला, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात आणि आपल्याकडे जुनी माणसं अजून तोच शब्द वापरतात. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवलं, तुर्कस्तानात त्याचं नाव ‘हिंदी’, आणि डच नावात कालिकत आहे.

१६१२ मध्ये मुघल सरदार मुकर्रब खानाने गोव्याहून काही दुर्मीळ वस्तू आणि प्राणी जहांगीर बादशहाकडे नेले, त्यात टर्की होता. बादशहाला पक्ष्यांची विलक्षण आवड. त्याने आपला दरबारी चित्रकार मन्सूर याच्याकडून त्याचं चित्र काढून घेतलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आणि आठवणींत त्याचं वर्णन लिहिलं: माजावर आला की डोकं पोवळ्यासारखं लाल होतं, थोड्या वेळाने तेच कापसासारखं पांढरं, कधी पिरोजी, सरड्यासारखे रंग पालटतात. डोक्यावरचं मांस वीतभर लोंबून हत्तीच्या सोंडेसारखं होतं आणि आखडलं की गेंड्याच्या शिंगासारखं दोन बोटं उभं राहतं.

चारशे वर्षांपूर्वी कोणी इतकं नीट पाहिलं याचं मला फार कौतुक वाटतं. पाळणाऱ्यांना विचारतो, या सोंडेचा आणि शिंगाचा काही अर्थ असतो का?

पशुवैद्य_डिचोली | १७ फेब्रुवारी, दुपारी ३.२०

अर्थ असतो. सोंड लांब लोंबतेय, तोंड निळं, टाळू पांढरी, पंखा उघडा, तर पक्षी मिरवतोय. सोंड आखडून शिंगासारखी झाली, तर तो घाबरलाय किंवा झुंजायच्या तयारीत आहे. सोबत डोकं-मान लालभडक असेल तर दूर राहा. रंग पालटतो तो कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगण्या-आकसण्यामुळे. त्या फुगल्या की भोवतालच्या तंतूंमधलं अंतर बदलतं आणि त्यावरून परतणारा उजेडही बदलतो.

सत्तरीची_सून | २४ फेब्रुवारी, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवड्यात बरंच झालं, सविस्तर लिहिते.

माहेर_सावंतवाडी ताई, तुमचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी यजमानांनी आणि दिराने बांबू रोवून जाळी मारली. नळ आता जाळीच्या बाहेर आहे. राजाचा एक पंख कातरला.

मुलाला आत जायची बंदी आहे, पण त्याने एक काम मागून घेतलं. शाळेतून आला की पडवीच्या पायरीवर बसून वहीत राजाचे रंग लिहितो. तांबडा, निळा, पांढरा, आणि पुढे ‘सोंड’ किंवा ‘शिंग’. त्याच्या वहीमुळे मला जे कधी दिसलं नव्हतं ते दिसलं. परवा दुपारी राजा घरासमोर उभ्या स्कूटरपुढे गेला होता, तेव्हाची गोष्ट. कुंपणाचं दार मीच चुकून उघडं टाकलं होतं. स्कूटरच्या चकाकत्या पत्र्यात त्याला स्वतःचं रूप दिसलं. आधी सोंड चोचीवरून पार हनुवटीखाली लोंबत होती, तोंड निळं. तो डावीकडे सरकला, पत्र्यातला पण सरकला. उजवीकडे आला, तोही आला. तेवढ्यात सोंड सर्रकन आखडली, मान लाल झाली, पंखा मिटला, अंगाची सगळी पिसं चापून बसली आणि त्याने पत्र्यावर लाथ मारली. पिसं मिटल्यावर तो निम्मा दिसतो. मला आजवर वाटायचं फुललेला राजा धोक्याचा. धोक्याचा तो मिटल्यावर असतो. मुलगा पायरीवरून ओरडला, ‘आई, शिंग!’

मी सूप घेतलं आणि चालत गेले. पाय कापत होते, खरं सांगते. पण थांबले नाही. तो बाजूला झाला आणि जाळीत गेला.

यजमानांनी काठी सोडली. दोनदा त्याला खाली बसवलं. दुसऱ्या वेळी त्याने मान मातीला टेकवली आणि डोळा अर्धा मिटला. यजमान म्हणाले, धरल्यावर त्याचं काळीज हाताला लागत होतं, इतकं जोराने. त्यानंतर ते त्याच्याविषयी वेगळ्या आवाजात बोलतात.

पेडणे_पठार | २५ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

मान मातीला टेकवण्याबद्दल एक महत्त्वाचं सांगतो. टर्कीत ती शरणागतीची खूण असते. हरलेला नर मान लांब करून जमिनीला लावतो, जिंकलेला त्याच्याभोवती फुलून फिरतो आणि बहुधा तेवढ्यावर थांबतो. पण ही खूण फक्त टर्कीलाच कळते.

आमच्या काजूच्या भाटात मोर येतात, पेडण्यात आता सगळीकडेच आहेत. दोन वर्षांपूर्वी आमचा नर एका मोराला आडवा गेला. मोर उडून उडून लाथा मारतो, टर्कीला वरून येणारा मार चुकवता येत नाही. दोन मिनिटांत आमच्याने मान टाकली. मोर थांबला नाही. त्याच्या भाषेत पडून राहण्याला काही अर्थ नाही, तो मारतच राहिला. आणि आमचा पळायचं सोडून आणखी आणखी चिकटून पडून राहिला, कारण त्याच्या जातीत पडलेल्याला सोडतात. मी मध्ये पोतं टाकून त्याला उचललं, डोकं रक्ताने माखलं होतं. पुढे वाचनात आलं की ऑस्ट्रियाच्या कोनराड लोरेंत्स यांनीही टर्की आणि मोराच्या झुंजीत नेमकं हेच टिपलं होतं. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं.

मोराला हात लावता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. म्हणून आता वरून जाळी टाकली. ज्यांच्याकडे मोर येतात आणि जे गावठी कोंबडा टर्कीबरोबर ठेवतात, त्यांनी लक्ष ठेवा. चपळ कोंबडाही पडलेल्या टर्कीला सोडत नाही.

कुळागर_फोंडा | २५ फेब्रुवारी, रात्री १०.०५

कोंबड्यांचा विषय निघाला, तर हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ताई, तुमच्या सासूबाईंच्या कोंबड्या आणि राजा एकाच परसात असतील तर वेगळे करा, भांडणापेक्षा मोठं कारण आहे.

माझ्या पहिल्या वर्षी अकरा टर्की आणि वीसेक कोंबड्या एकत्र होत्या. पावसात एक टर्की कळपापासून बाजूला उभा राहू लागला. टर्की कधी एकटा उभा राहत नाही, पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पंख पाडलेले, डोकं खांद्यात, डोळे मिटलेले. मला वाटलं पावसाने गारठलाय. तिसऱ्या दिवशी विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली. पंधरा दिवसांत नऊ गेले. कोंबड्यांना काहीही झालं नाही.

रोगाचं नाव हिस्टोमोनिॲसिस, ‘ब्लॅकहेड’ही म्हणतात. त्याचा सूक्ष्म जीव कोंबड्यांच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यातून पसरतो, गांडुळांतही टिकतो. कोंबडी तो अंगावर वागवते आणि ठणठणीत दिसते, टर्की मरतो. आपल्या पावसात ओलसर जमिनीत गांडुळं भरपूर. म्हणून कोंबड्या फिरलेल्या जागेत टर्की सोडायचे नाहीत, जंतांचं औषध पशुवैद्यांना विचारून वेळेवर द्यायचं. त्या नवांची मला अजून खंत आहे. पक्षी पहिल्या दिवशीच सांगत होता, मला वाचता आलं नाही.

पशुवैद्य_डिचोली | २६ फेब्रुवारी, सकाळी ९.००

वरच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द खरा. आणि रानीखेत व देवी या पक्ष्यांच्या साथीच्या रोगांच्या लसी चुकवू नका. देवी पावसाळ्यात डासांमुळेही पसरते, सोंडेवर आणि डोळ्यांभोवती फोड येतात.

म्हापसेकर_७ | २६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०

माद्यांचा स्वभाव कसा असतो? ताई आणणार आहेत म्हणून विचारतो, मलाही घ्यायच्या आहेत.

माहेर_सावंतवाडी | २६ फेब्रुवारी, रात्री ९.१५

माद्या फार गोड असतात हो. आमच्या त्या नरावर मी इतकी रागावले, पण माद्यांची आठवण येते. मी ओटीवर तांदूळ निवडायला बसले की एक येऊन पायाशी बसायची, गळ्यातून बारीक घुरघुरायची. आकाशात घार दिसली की मान वाकडी करून एका डोळ्याने वर बघायची आणि तुटक ‘पट्ट, पट्ट’ आवाज काढायची, त्या सरशी कोंबड्यासुद्धा करवंदीच्या जाळीत शिरायच्या. आपसात मात्र त्यांचीही उतरंड असते, नवी आली की दोन-तीन दिवस मारामारी होते.

एक लक्षात ठेवा. अंडी द्यायला चोरून जागा शोधतात. खुराड्यात घालतील या भरवशावर राहू नका. आणि एकदा रवण झाली, खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसली, की उठत नाही, खायचंही विसरते. आमची एकदा पावसात भिजत तशीच बसून होती.

सत्तरीची_सून | २० मार्च, रात्री १०.४०

दोन माद्या आणल्या. पशुवैद्यांनी सांगितलं तशा गोठ्याच्या पलीकडे वेगळ्या ठेवल्या आहेत. राजाला त्या जाळीतून लांबून दिसतात. पहिले दोन दिवस तो त्यांच्याकडे पाठ करून आमच्याकडेच फुलत राहिला. मला भरून आलं. आपल्या जातीचं कोणी समोर आहे हेच त्याला कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका मादीने ती हरवल्याची हाक दिली आणि तो जागच्या जागी थबकला. पंखा मिटला, मान उंच झाली, आणि बराच वेळ तसाच उभा राहिला.

आमच्याकडे शिगमो सुरू आहे. ढोलाची पहिली थाप पडली की राजा ओरडतो, थाप आणि त्याचा आवाज यांत क्षणाचंही अंतर नसतं. मोठा आवाज झाला की ते असे ओरडतातच म्हणे, ढग गडगडले तरी. आता माद्याही मान वर करून ऐकतात. कोंबड्यांना वरच्या बाजूला नवं खुराडं केलं आहे.

कुळागर_फोंडा | २१ मार्च, सकाळी ६.३०

सोडल्यावर माद्यांच्या पाठी रोज तपासा. दोनच आहेत, नर जड आहे, नखांनी पाठी सोलवटतात. जखम दिसली की मादीला लगेच वेगळी करा, कारण रक्ताचा लाल रंग दिसला की बाकीचे तिथेच टोचत राहतात. नराची नखं कानशीने बोथट करून घ्या.

सत्तरीची_सून | ११ जून, दुपारी ४.२०

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. इथे पावसाने जोर धरलाय.

एप्रिलअखेर एक मादी दिवसाआड नाहीशी व्हायला लागली. सासूबाईंनी दोन सकाळी तिच्यामागे लांबून जाऊन माग काढला. कुळागराच्या बांधाला अननसाच्या रोपांत, सुकलेल्या चुडतांखाली तिने अकरा अंडी घातली होती. घोरपड आणि मुंगसाची भीती, म्हणून रवण झाल्यावर रात्री काळोखात अंड्यांसकट तिला उचलून रिकाम्या बाथरूममध्ये पेंढ्यावर बसवलं. दिवसा हलवलं असतं तर तिने जागा सोडली असती असं सासूबाई म्हणाल्या, आणि काळोखात ती निमूट बसली. अठ्ठावीस दिवसांनी नऊ पिल्लं बाहेर पडली.

राजाबद्दल तुम्ही विचाराल म्हणून. माद्या त्याच्यात सोडल्यापासून तो यजमानांच्या अंगावर एकदाच आला. अजून आडवा उभा राहतो, पण सूप दिसलं की सरकतो. मेच्या शेवटी पिसं झडायला लागली, तेव्हापासून बराच गप्प आहे. मुलगा अजून जाळीबाहेरच. पुढच्या संक्रांतीला काय होईल ते तेव्हा पाहू, कुंपण काढणार नाही. आई-पिल्लं त्याच्यापासून वेगळी ठेवली आहेत.

पिल्लं झाली त्या दुपारी मुलगा उकडलेलं अंडं आणि ते पत्र्याचं झाकण घेऊन तयार होता. मी म्हटलं, थोडं थांब. दाराच्या फटीतून बघत होतो. मादीने भरड्यातला एक दाणा चोचीत उचलला, टाकला, परत उचलला, परत टाकला, आणि जमिनीवर चोच आपटत बारीक आवाज काढत राहिली. टक, टक, टक. एक पिल्लू आलं, त्याने तिच्या चोचीवर टोच मारली, मग दाण्यावर. मग दुसरं आलं.

मुलाने झाकण खाली ठेवलं. तासभर तो फटीपाशी बसून होता, एकही पिल्लू हातात मागितलं नाही. आज नऊची नऊ आहेत.

पशुवैद्य, पिल्लांना पहिली लस कधी आणायची ते सांगाल का?

पशुवैद्य_डिचोली | ११ जून, रात्री ९.०५

रानीखेतची पहिली लस खरं तर पहिल्या दिवशीच देतात, तेव्हा उशीर नको. उद्या सकाळी जवळच्या सरकारी दवाखान्यात पिल्लांची संख्या आणि वय सांगून विचारा, लस बर्फात ठेवून आणा. देवीची चौथ्या-पाचव्या आठवड्यात. आणि पिल्लांना पावसात बाहेर काढू नका, त्यांची लव भिजली की ती गारठून मरतात. आईला बाहेर जायचं असलं तरी दार लावूनच ठेवा.